सोबतीने चालायचा मुलूख

अल्बेनियाच्या उत्तर टोकाला, कोसोवो आणि माँटेनेग्रोच्या सीमांना खेटून, चुनखडीच्या उघड्या डोंगरांची एक दाटी आहे. नकाशावर तिचे नाव अल्बेनियन आल्प्स. तिथल्या लोकांच्या तोंडी मात्र हे शापित डोंगर आहेत. येझेर्त्सा हे त्यातले सर्वांत उंच शिखर, २,६९४ मीटरचे. त्याच्या एका अंगाला वाल्बोना नदीचे खोरे, दुसऱ्या अंगाला शाला नदीचे, आणि शालेच्या खोऱ्याच्या अगदी माथ्याशी थेथ हे गाव. या दोन खोऱ्यांना थेट जोडणारा गाडीरस्ता नाही. आहे ती सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या खिंडीतून जाणारी पायवाट, आणि उन्हाळ्यात तिच्यावरून रोज माणसांच्या रांगा जातात. त्यांतल्या बऱ्याच रांगा दहा-बारा जणांच्या असतात. ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स अशा ठिकाणांहून आलेली, विमानतळावर पहिल्यांदाच एकमेकांना भेटलेली माणसे. पुढे एक वाटाड्या, जड सामान खेचराच्या पाठीवर, आणि रात्रीचा मुक्काम एखाद्या शेतकऱ्याच्या घरी.

वाटाड्यासह गटाने पायी हिंडण्याची सुट्टी हा प्रकार युरोपात जुना आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणी कामगारांना टी. ए. लिओनर्ड या धर्मोपदेशकाने १८९१ मध्ये लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत नेले आणि दोनच वर्षांत त्यातून सहकारी तत्त्वावर सुट्ट्या आखणारी एक संस्था उभी राहिली. स्वस्त मुक्काम, सामाईक जेवण आणि दिवसभर चालणे हा तिचा गाभा होता. आजच्या सहल कंपन्या नफ्यासाठी चालतात, तरी सांगाडा तोच आहे. अल्बेनियात हा सांगाडा पोचला तो फार उशिरा. पण तिथल्या डोंगरांत परक्या माणसाने कुणाच्या तरी सोबतीनेच चालायचे, हा रिवाज मात्र या कंपन्यांच्या कितीतरी आधीचा. सोबत करणारा कोण आणि ती कशासाठी, हे शंभर-सव्वाशे वर्षांत बदलत गेले. या देशाचा इतिहास त्या बदलात जितका स्पष्ट दिसतो तितका राजधानीतल्या संग्रहालयातही दिसत नाही.

पूर्वी या खोऱ्यांतल्या टोळ्यांचा व्यवहार ‘कानून’ या अलिखित कायद्याने चाले. पंधराव्या शतकातला सरदार लेक दुकाग्यिनी याच्या नावाने तो ओळखला जातो. ऑटोमन सुलतानाचा अंमल कागदोपत्री होता. त्याचे अधिकारी आणि करवसुली या डोंगरांत नीटशी कधी पोचली नाही. श्टयेफेन ग्येचोवी या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने वर्षानुवर्षे हे नियम माणसांच्या तोंडून टिपून घेतले. १९२९ मध्ये त्याचा खून झाला आणि त्याने जमवलेली संहिता १९३३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. लग्न, वारसा, कुरणाची हद्द, पाटाचे पाणी, गुरांची चोरी, सगळ्याचे नियम तिच्यात आहेत. परक्या प्रवाशाचा संबंध येई तो दोन गोष्टींशी, रक्ताच्या सुडाशी आणि पाहुण्याशी.

घर हे देवाचे आणि पाहुण्याचे, असे कानून मानतो. दारात आलेल्याला भाकरी, मीठ आणि मनापासूनचे स्वागत मिळालेच पाहिजे, मग तो अनोळखी असो वा वैरी. त्याहून महत्त्वाचे पुढचे आहे. निघालेल्या पाहुण्याला यजमान किंवा त्याच्या घरातले कुणी वाटेला लावायला जाई, आणि ही सोबत असेपर्यंत पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी यजमानाची राही. त्या काळात पाहुण्याला कुणी मारले तर यजमानाच्या घराण्याची अब्रू गेली, आणि ती भरून काढायची तर मारणाऱ्याशी वैर धरणे भाग होते. म्हणून एका टोळीच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जाणारा माणूस हातोहात सोपवला जाई. एडिथ डरहॅम या इंग्रज चित्रकर्ती १९०८ मध्ये श्कोडर शहरातून मार्को नावाच्या वाटाड्याला घेऊन या डोंगरांत हिंडल्या, थेथलाही राहिल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे ‘हाय अल्बेनिया’ हे पुस्तक आले. बंदुका उशाशी घेऊन झोपणाऱ्या या मुलखात एक एकटी परदेशी स्त्री निर्धास्त फिरली, त्यामागे ही सोबतीची साखळी होती. पायवाट दाखवणे हा त्या सोबतीचा दुय्यम भाग होता. मुख्य भाग हा की वाटेतल्या प्रत्येक घराला कळावे, हे माणूस कुणाच्या तरी शब्दाखाली चालले आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये, एन्वेर होजाच्या कम्युनिस्ट पक्षाने सत्ता घेतली आणि चार दशके ती एकहाती राहिली. १९४८ मध्ये होजाने युगोस्लाव्हियाशी संबंध तोडले, १९६१ मध्ये सोव्हिएत संघाशी, १९७८ मध्ये चीनशी. प्रत्येक तुटीनंतर देश आणखी बंद होत गेला. १९६७ मध्ये सर्व धर्मस्थळांना कुलपे लागली. थेथचे १८९२ मध्ये बांधलेले दगडी कॅथलिक चर्चही त्यातून सुटले नाही. १९७६ च्या राज्यघटनेने देश अधिकृतपणे निरीश्वरवादी झाला. आक्रमणाच्या भीतीने देशभर काँक्रीटचे बंकर उभारले गेले, पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखे. त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात सांगितली जाते. थेथहून माँटेनेग्रोकडे जाणाऱ्या पेया खिंडीच्या वाटेवर, जिथे रणगाडा सोडाच, भरलेले खेचरही धापा टाकते, तिथे हे बंकर आजही आहेत.

सीमेवरच्या या खोऱ्यांना त्या काळाचा जाच सर्वांत जास्त झाला. सीमेच्या अलीकडे काही किलोमीटरवर काटेरी तारेचे कुंपण होते. तिथे जायला परवाना लागे, आणि बाहेरगावचा माणूस दिसला तर कळवणे हे गावकऱ्यांचे कर्तव्य ठरवलेले होते. देश सोडण्याचा प्रयत्न हा देशद्रोह मानला जाई. शिक्षा दहा वर्षांहून कमी नसलेला तुरुंगवास किंवा मृत्यू, आणि पळून गेलेल्याच्या मागे राहिलेल्या घरच्यांची दूरच्या खेड्यात हद्दपारी. मेंढ्यांमागे जाणाऱ्या मुलालाही कुठल्या धारेपुढे जायचे नाही हे ठाऊक असे. कुणाच्या दारात अनोळखी पाहुणा यावा आणि त्याला भाकरी द्यावी, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धर्म. तोच आता संशयाचे कारण झाला. कानूनवर बंदी आली तशी सुडाची प्रथाही दडपली गेली, हे खरे. त्याची किंमत मात्र गावातल्या माणसांच्या आपसांतल्या विश्वासाने मोजली गेली.

परदेशी प्रवासी या काळातही येत, थोडेच. अल्बतुरिस्त या सरकारी संस्थेमार्फत, मान्यता मिळालेल्या गटातूनच त्यांना व्हिसा मिळे. लांब केस आणि दाढीवाल्यांची हजामत सीमेवरच होई. गटाबरोबर सदैव सरकारी मार्गदर्शक असे. कारखाना, सहकारी शेती, स्मारक, समुद्रकाठचे ठरलेले हॉटेल असा कार्यक्रम, आणि त्याबाहेर पाऊल नाही. इथेही गट होता आणि सोबतही होती. पण ही सोबत पाहुण्याला लोकांपासून आणि लोकांना पाहुण्यापासून दूर ठेवण्यासाठी होती. डरहॅमचा मार्को दारे उघडून देत होता. हा मार्गदर्शक ती बंद राहतील याची काळजी घेत होता.

या बंद दाराचा एक धागा भारतापर्यंत येतो. कोलकात्यात काम करणाऱ्या मदर तेरेसा अल्बेनियन कुटुंबात, १९१० मध्ये स्कोप्ये इथे जन्मल्या. पुढे त्यांची आई आणि बहीण राजधानी तिरानात राहायला गेल्या आणि तिथेच अडकल्या. आईला भेटण्यासाठी मदरना प्रवेश मिळाला नाही, आईला बाहेर येऊ दिले नाही. आई १९७२ मध्ये वारली. मदर अल्बेनियात पाऊल ठेवू शकल्या ते होजाच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९८९ मध्ये. डोंगर चालायला येणारे गट आज ज्या विमानतळावर उतरतात त्याला त्यांचे नाव आहे.

जुलै १९९० मध्ये हजारो लोक तिरानातल्या परदेशी वकिलातींच्या भिंती चढून आत शिरले. २० फेब्रुवारी १९९१ रोजी तिथल्या स्कांदेरबेग चौकातला होजाचा पुतळा जमावाने पाडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘व्लोरा’ नावाचे मालवाहू जहाज सुमारे वीस हजार माणसे घेऊन इटलीतल्या बारी बंदराला लागले. डोंगरांतूनही लोक उतरले. थेथ आणि आसपासची कुटुंबे श्कोडरला, तिरानाच्या वेशीवरच्या कामझला, इटलीला, ग्रीसला गेली. मागे राहिली ती म्हातारी माणसे, मोडलेली सहकारी गोदामे आणि छपरे बसलेली घरे. १९९७ मध्ये भरमसाट व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या गुंतवणूक योजना कोसळल्या, लोकांची आयुष्यभराची पुंजी बुडाली, दंगली झाल्या, शस्त्रागारे लुटली गेली. वाल्बोना ज्या त्रोपोया जिल्ह्यात येते तो भाग त्यानंतर बरीच वर्षे बंदूकधाऱ्यांचा म्हणून बदनाम होता. दडपलेले सूडही उफाळून आले. काही घरांतल्या मुलांना वैराच्या भीतीने शाळेतही जाता येईना, शिक्षकांना घरी जाऊन शिकवावे लागे. अशा जागी कुणी सुट्टीसाठी येईल, हे त्या काळी खुद्द तिथल्या माणसालाही खरे वाटले नसते.

बदल झाला तो घरांपासून. २००० नंतरच्या दशकात जर्मन विकास संस्थेच्या मदतीने थेथमधल्या काही कुटुंबांनी जुन्या दगडी घरांत पाहुण्यांसाठी खोल्या केल्या, न्हाणीघरे बांधली. झाडाझुडपांत हरवलेल्या वाटा मोकळ्या झाल्या आणि खडकांवर, बुंध्यांवर लाल-पांढरे पट्टे रंगवले गेले. पुढे अल्बेनिया, कोसोवो आणि माँटेनेग्रो या तीन देशांतून फिरून येणारी १९२ किलोमीटरची ‘पीक्स ऑफ द बाल्कन्स’ ही वर्तुळाकार वाट आखली गेली. ती काही ठिकाणी निर्जन धारेवरच सीमा ओलांडते. त्यासाठी आगाऊ परवाना काढावा लागतो. तो काढण्याचे काम सहसा सहल आखणारे करतात. वर कुंपण नाही, चौकी नाही. एक सीमास्तंभ, त्याच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. इकडच्या खोऱ्यात वाढलेल्या साठीतल्या माणसाला तो स्तंभ पाहून काय वाटत असेल, याचा अंदाज परदेशी गटाला येणे कठीण आहे. चांगला वाटाड्या तिथे घटकाभर थांबतो आणि सांगतो.

वाल्बोना ते थेथ या सहलीची सुरुवात बहुधा श्कोडरहून होते. पहाटे निघालेली मिनीबस कोमानच्या धरणापाशी पोचते. द्रिन नदीवरची ही धरणे कम्युनिस्ट राजवटीच्या उत्तरार्धातली. देशाची बरीचशी वीज अजून त्यांच्यावर चालते. कोमान ते फिएर्झा हा अडीच-तीन तासांचा प्रवास बोटीने करायचा. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मध्ये हिरवे पाणी, आणि मधूनच काठावर एखादी वस्ती, जिला बोटीखेरीज दुसरी वाट नाही. बोट तिथे क्षणभर टेकते, पिठाचे पोते उतरते, एक आजीबाई चढते. फिएर्झाहून बायराम त्सुरी या गावातून गाडी वाल्बोनाच्या खोऱ्यात शिरते. पहिल्या संध्याकाळी गट गप्पगप्पच असतो. वाटाड्या दुसऱ्या दिवसाचा चढ, पाण्याच्या जागा आणि हवेचा अंदाज सांगतो, आणि बोलता बोलता प्रत्येकाच्या पायांतले बूट पाहून घेतो.

खिंडीचा दिवस हा या सहलीचा कणा. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने चालीचा एक हिशेब मांडला, तो आजही वापरात आहे: सपाटीला तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्तीचा. वाल्बोना ते थेथ हे अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आणि चढ साडेआठशे मीटरच्या आसपास धरला तर उत्तर साडेचार तास येते. गटाला सहा ते आठ लागतात. मधले तास पाणी, छायाचित्रे, एकाच्या टाचेचा फोड, दुसऱ्याचा चढाला लागलेला दम, आणि एकमेकांसाठी थांबणे यांत जातात. कळत्या वाटाड्याला हे तास वाया गेलेले वाटत नाहीत. दमणाऱ्या माणसाला तो रांगेच्या शेवटी राहू देत नाही, आपल्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. मग सगळ्या रांगेला त्याच्या चालीने चालावे लागते आणि त्या माणसाला मागे पडल्याची बोच लागत नाही. रांगेच्या शेवटी राहायला एखादा दमदार आणि शांत स्वभावाचा माणूस निवडला जातो. ‘अजून किती?’ या प्रश्नाला वाटाड्या मिनिटांत उत्तर देत नाही, पुढची खूण दाखवतो: तो एकटा पाइन, ती झऱ्याची कुंडी.

सुरुवातीची वाट नदीच्या पात्रातून जाते. वाल्बोनाचे हे वरचे पात्र उन्हाळ्यात कोरडे असते; चुनखडीतून पाणी खाली मुरते आणि खालच्या अंगाला निळसर हिरवे होऊन पुन्हा वर येते. पांढऱ्या गोट्यांवरून पाऊल सरकते, ऊन खालूनही लागते. रागाम ही शेवटची वस्ती मागे पडली की बीचच्या झाडांचे रान लागते. या जातीची काही राने युरोपातली फार जुनी, कुऱ्हाड न लागलेली मानली जातात. याच जिल्ह्यातल्या गाशी नदीच्या खोऱ्यातले रान २०१७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. रानात थंडावा आहे, पायांखाली पाचोळा आहे, आणि एका वळणावर हंगामापुरते उभारलेले कॉफीचे खोपटे आहे. झऱ्याचे पाणी नळीने खोपट्यात आणलेले, शीतपेयांच्या बाटल्या त्या पाण्यात बुडवलेल्या. त्यानंतर झाडे संपतात. शेवटचा चढ घसाऱ्याचा, आडव्या अरुंद वाटेचा. उजवीकडे-डावीकडे नजर टाकण्यापेक्षा पुढच्या माणसाची टाच पाहत जाणे बरे. खिंडीत पोचल्यावर एकदम दोन्ही खोरी दिसतात, आणि सकाळपासून एकमेकांशी मोजकेच बोललेली माणसे आपापला डबा दुसऱ्यापुढे करतात. गटाने चालण्यातली ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात लिहून विकता येत नाही. एकाच चढाने दमलेल्या माणसांत वय, देश, नोकरी यांची अंतरे काही तासांत गळून जातात, आणि पुढचे चार-सहा दिवस ती परत येत नाहीत.

सामानाची खेचरे तोवर पुढे गेलेली असतात. त्यांचा मालक बहुतेक वेळा गावातलाच, मोजके बोलणारा. रोजच्या एका खेपेवर त्याच्या घरचा उन्हाळा चालतो. हेच सामान गाडीने पाठवायचे तर पुन्हा बोट, पुन्हा श्कोडर आणि तिथून थेथ असा जवळजवळ दिवसाचा वळसा पडतो.

वाट आता इतकी ठळक आहे की फोनमधल्या नकाशावर कुणीही एकटा जाऊ शकतो, आणि पुष्कळ तरुण तसे जातातही. तरी वाटाड्याचे काम उरतेच, आणि ते दिशा दाखवण्याहून मोठे आहे. दुपारनंतर या डोंगरांत ढग फुगतात, विजा पडतात. म्हणून सकाळी सातला निघायचे की साडेसहाला, हे तो पहाटे अंगणात उभा राहून ठरवतो. मेंढ्यांची राखण करणारे कुत्रे अंगावर येतात तेव्हा गटाला जवळ घेऊन, काठी खाली धरून, मेंढपाळाला हाक घालतो. वरच्या कुरणांवर जून ते सप्टेंबर वस्तीला असलेल्या कुटुंबांशी त्याची ओळख असते. त्यांच्या खोपटात दही आणि चीज मिळते ते त्या ओळखीवर. पैसे द्यावेत की नाही, किती द्यावेत, कुणाच्या हातात द्यावेत, हेही तोच जाणतो, कारण चुकीच्या वेळी पुढे केलेली नोट पाहुणचाराचा अपमान ठरते. कानूनच्या काळातल्या सोबत्याचे काम याहून फार वेगळे नव्हते. पाहुणा कुणाच्या शब्दाखाली चालतो आहे, हे आजही विचारले जाते. फक्त उत्तर चुकले तर जिवावर बेतत नाही.

थेथमध्ये गट एका चौकोनी दगडी मनोऱ्यापाशी थांबतो. ज्याच्यावर सुडाची पाळी आली तो पुरुष मध्यस्थी होईपर्यंत या मनोऱ्यात स्वतःला कोंडून घेई. भिंतीत खिडक्यांऐवजी बंदुकीच्या नळीपुरती भोके आहेत. खुनानंतर पहिल्या चोवीस तासांचा आणि मग तीस दिवसांचा तह मागता येई. त्या मुदतीत मारेकऱ्याला अभय असे, आणि मेलेल्याच्या अंत्यविधीलाही तो जाई. इस्माइल कादारे यांच्या ‘ब्रोकन एप्रिल’ या कादंबरीत एक शहरी लेखक आपल्या नव्या नवरीला घेऊन या डोंगरांत येतो, सूड आणि पाहुणचाराची ही दुनिया तिला दाखवायला, आणि पाहता पाहता ती दोघेही त्यात होरपळतात. दुसऱ्याच्या दुःखाकडे देखावा म्हणून पाहण्याचा धोका कादारेंनी पर्यटन येण्याच्या कितीतरी आधी ओळखला होता. मनोऱ्यापाशी उभ्या राहिलेल्या प्रत्येक गटापुढे तो धोका असतो. काही वाटाडे सुडाच्या कथा रंगवून सांगतात, कारण ऐकणाऱ्यांना त्या हव्या असतात. काही जण मात्र मध्यस्थी कशी होई, वडीलधारे कसे बसत, रक्त माफ करणे हा केवढा मोठेपणा मानला जाई, हेही सांगतात. हे दुसरे वाटाडे त्या लोकांशी अधिक प्रामाणिक आहेत.

मुक्कामाच्या घरी संध्याकाळ जेवणाभोवती फिरते. मक्याची भाकरी, पांढरे चीज, लोणच्यातल्या मिरच्या, बोकडाचा रस्सा, डोंगरी चहा, आणि घरी गाळलेली राकी. एखादे दिवशी यजमानीणबाई ‘फ्ली’ करतात. पातळ पिठाचा एक थर तव्यात ओतायचा, वर निखाऱ्यांनी तापवलेले लोखंडी झाकण ठेवायचे, भाजला की मलईचा हात फिरवून दुसरा थर, मग तिसरा. दोन-तीन तास ती चुलीपासून हलत नाही. या पर्यटनाचा खरा भार तिच्यावर आहे. पहाटे पाचला पाव, दुपारी बारा खाटांच्या चादरी, संध्याकाळी चौदा जणांचे जेवण, आणि मध्ये गाय. वाटाड्याचे नाव सहलीच्या पत्रकात छापतात, तिचे क्वचितच.

घरात कर्ता तरुण दिसला नाही तर तो बहुधा परदेशी असतो. २०११ च्या जनगणनेत अल्बेनियाची लोकसंख्या सुमारे अठ्ठावीस लाख होती. २०२३ मध्ये ती चोवीस लाखांवर आली. त्याच २०२३ मध्ये देशात परदेशी पाहुण्यांच्या भेटी एक कोटीच्या पुढे गेल्या. २०२२ मध्ये बारा हजारांहून अधिक अल्बेनियन माणसे लहान रबरी बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून ब्रिटनला गेली. उत्तरेकडच्या गरीब जिल्ह्यांतून ब्रिटनला जाण्याची ओढ मोठी आहे, आणि वाल्बोनाचा जिल्हा त्यांतलाच. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ब्रिटनमधले गट विमानाने येऊन वाल्बोनाची खिंड चढत होते. एका दिशेचा प्रवास सुट्टीचा, दुसऱ्या दिशेचा जिवावर उदार होऊन केलेला. चालायला येणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावे, एवढी अपेक्षा गैर नाही. आणि हेही खरे की पाहुण्यांच्या खोल्यांमुळे काही मुलगे परतले आहेत. इटलीत गवंडीकाम केलेल्याने बापाचे घर स्वतःच्या हातांनी पुन्हा उभे केले, लंडनच्या हॉटेलात राबलेला आता गटांशी इंग्रजीत बोलतो.

या पैशाबरोबर धोकेही आले. थेथचा रस्ता अलीकडे डांबरी झाला. पूर्वी खडबडीत घाटातून तासन्‌तास आदळत येणारी माणसे आता दिवसभरात येऊन परत जातात. दगडी घरांशेजारी पत्र्याची आणि काँक्रीटची बांधकामे वाढली. वाल्बोनाच्या राष्ट्रीय उद्यानात नदीवर लहान जलविद्युत प्रकल्प आले. गावकऱ्यांनी मोर्चे काढले, न्यायालयात गेले. दोन्ही खोऱ्यांची उद्याने २०२२ मध्ये एकत्र करून अल्बेनियन आल्प्सचे एकच मोठे राष्ट्रीय उद्यान झाले. नदी बोगद्यात घातली तर वाल्बोनाच्या वाटेने चालायला येण्याचे मोठे कारणच जाईल, हे गावकऱ्यांना सरकारच्या आधी कळले. पाहुणा आला तर त्याला काय दाखवायचे, हा त्यांचा रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे.

हंगाम ऑक्टोबरात संपतो. बीचची पाने तांबूस होऊन गळतात, मेंढ्या वरच्या कुरणांवरून कधीच उतरलेल्या असतात, कॉफीची खोपटी आवरली जातात. पहिल्या मोठ्या बर्फाबरोबर खिंड बंद होते ती मेअखेरपर्यंत. बहुतेक कुटुंबे श्कोडरच्या घरी उतरतात, मुलांच्या शाळा तिथेच असतात. थोडी घरे गुरांसाठी वरच राहतात. वाटाडे बांधकामावर, दुकानात, कुणी हिवाळ्यापुरते परदेशात कामाला लागतात. पुढच्या उन्हाळ्याच्या तारखा मात्र याच महिन्यांत ठरतात: कुठल्या घरी किती खाटा, खेचराचा भाव किती, कुणाच्या घरी यंदा सून आली म्हणून चार माणसे जास्त घेता येतील. जूनच्या पहिल्या गटाआधी कुणीतरी एकटा वर जाऊन घसाऱ्यावरचा बर्फ किती उरला ते पाहून येतो. उरलेला असला तर तो फावड्याने पायऱ्या खोदतो आणि हिवाळ्यात पडलेली झाडे वाटेतून बाजूला करतो.